पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी

आपल्याकडे नवी मोटरसायकल घरी येते तेव्हा तिच्या सीटवर प्लॅस्टिक असतं. ते किती दिवस टिकतं यावरून घराचा स्वभाव कळतो. काही घरांत दसऱ्याला आणलेल्या गाडीचं प्लॅस्टिक पाडव्यालाही जागेवर असतं. उन्हाने कडक झालेलं, कडेला फाटलेलं, आणि पुढे पावसाळ्यात पोटात पाणी धरून बसणारं. बसणाऱ्याची पँट ओली होते, सीट मात्र नवी राहते. का म्हणून विचारलं तर उत्तर पाठ असतं : ‘विकताना भाव येतो.’

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे.

गाडी अजून पहिल्या सर्व्हिसिंगलाही गेलेली नसते, हप्ते दोनच फिटलेले असतात, आणि घरात तिच्या विक्रीचा विचार सुरू झालेला असतो. पाच-सात वर्षांनी कधीतरी एक अनोळखी माणूस येणार आहे. तो टाकीवर टिचकी मारणार, तोंड वाकडं करणार आणि दोन हजार कमी करून मागणार. त्या माणसाच्या नापसंतीला घाबरून आपण आजपासून गाडी जपायची. पेट्रोल आपलं, हप्ते आपले, पंक्चर आपलं, पोलिसाची पावती आपली. पण गाडी कशी दिसावी हे ठरवणार तो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत गच्चीवर, गोठ्यात, शेतातल्या शेडमध्ये बसून आपली गाडी आपल्या हाताने रंगवणारी जी पोरं दिसायला लागली आहेत, त्यांच्या बाजूने मला उभं राहायचंय. त्यातही सोलून काढता येणाऱ्या स्प्रेने रंगवणाऱ्यांच्या बाजूने, कारण त्यांना दोन्हीकडून शिव्या पडतात. घरची माणसं म्हणतात, चांगल्या गाडीची वाट लावली. गाड्यांतली जाणकार मंडळी म्हणतात, हा काय रंग आहे का, रबराचा मुलामा!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा रंग म्हणजे खरं तर सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं कृत्रिम रबर. कॅनमधून फवारलं की सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे रबराची एकसंध कातडी उरते. फेविकॉल तळहातावर वाळवून सोलायचा उद्योग शाळेत सगळ्यांनी केलाय, तत्त्व तेच. ‘प्लास्टी डिप’ हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं. मुळात ते गाड्यांसाठी नव्हतंच. पक्कड, पाने यांच्या दांड्या त्यात बुडवायच्या आणि वाळल्या की रबरी मूठ तयार, एवढंच त्याचं काम होतं. पुढे ते कॅनमध्ये आलं, लोकांनी ते आधी कारच्या रिमवर आणि मग सगळ्या गाडीवर मारलं. आता आपल्याकडेही या जातीचे स्प्रे मिळतात. एका मोटरसायकलची टाकी, साईड पॅनेल, मडगार्ड करायला साधारण चार-पाच कॅन लागतात.

आता ‘विकताना भाव येतो’ हे वाक्य आलं कुठून, ते पाहू. ते मूर्खपणातून आलेलं नाही, हे आधी मान्य करतो. आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या काळात ते शंभर टक्के खरं होतं. बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली. आकुर्डीच्या कारखान्यातून किती स्कूटर बाहेर पडायच्या हे बाजार ठरवत नव्हता, सरकारी परवाना ठरवत होता. परिणामी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुलाच्या जन्माच्या सुमाराला नोंदवलेली स्कूटर त्याला शाळेत सोडायच्या कामी यायची. अशा बाजारात ज्याच्या हातात स्कूटर असे त्याच्या हातात नाणं असे. शोरूममधून बाहेर काढलेली गाडी त्याच दिवशी जास्त किमतीला विकली जात होती. तिच्यावर ओरखडा म्हणजे नोटेला गेलेला तडा. वडिलांची पिढी स्कूटरला सोन्यासारखं वागवायची, कारण ती सोन्यासारखी वागायची.

ते दिवस कधीच संपले. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, २००१ मध्ये पल्सर आली, आणि आज शोरूमवाला दिवसातून तीनदा फोन करून ‘सर, टेस्ट राईड कधी घेताय’ विचारतो. दुर्भिक्ष गेलं, दुर्भिक्षातली सवय तेवढी वारसाहक्काने आली.

आजचा हिशेब कसा आहे ते विम्याच्या कागदावर छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. वाहनविम्यात गाडीची किंमत धरताना घसाऱ्याचं एक ठरलेलं कोष्टक वापरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के. वर्षापर्यंत १५. दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाच वर्षांपर्यंत ५०. म्हणजे लाखाची गाडी तुम्ही चादरीत गुंडाळून देवघरात ठेवली तरी पाच वर्षांनी विम्याच्या लेखी तिचे पन्नास हजार होतात. हे पन्नास हजार ओरखड्याने गेलेले नसतात, कॅलेंडरने गेलेले असतात. उरलेल्या पन्नासातले दोन-तीन हजार वाचावेत म्हणून पाच वर्षं प्लॅस्टिकवर बसायचं, याला दात कोरून पोट भरणं म्हणतात.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या गाड्यांचा व्यापारी पुन्हा रंगवलेल्या गाडीकडे संशयाने बघतो, आणि त्याचा संशय बरोबर असतो. अपघातात चेपलेली टाकी ठोकून, लांबी भरून, वरून चकाचक रंग मारून विकणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. रंग कंपनीचा असेल तर गाडी पडलेली नसावी, असा त्याचा अंदाज. इथे सोलता येणारा स्प्रे उलट प्रामाणिक ठरतो. लांबी त्याच्याखाली लपवता येत नाही. चेप तर आणखी उठून दिसतो. आणि कोपरा धरून ओढला की खालचा कंपनीचा रंग समोर.

हे स्प्रे विकणारेही नेमका हाच मुद्दा पुढे करतात. ‘ओरिजिनल रंग सुरक्षित राहतो, विकताना सोलून टाका.’ म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. बंड करायचं, पण पुढच्या गिऱ्हाइकाची परवानगी खिशात ठेवून. डिटेलिंग स्टुडिओवाल्यांचा धंदा तर सगळाच या भीतीवर उभा आहे. सिरॅमिक कोटिंग घ्या, पारदर्शक फिल्म घ्या, फिल्मवर पुन्हा कोटिंग घ्या. गाडी जशी आली तशी ठेवायला पैसे मोजायचे. तुमच्याकडे ती होती याची एक खूणही तिच्यावर उरू नये, यासाठी एवढा खर्च.

मला हा स्प्रे आवडतो तो वेगळ्या कारणाने. तो चुकू देतो.

घरात अशी दुसरी वस्तू शोधून दाखवा. मोबाईलचं मागचं झाकण उघडलं तर वॉरंटी जाते. लॅपटॉप उघडायचा नाही. भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारा. आमच्या पिढीला वस्तू वापरायला मिळाल्या, त्यांना हात लावायला मिळाला नाही. आणि शिक्षणाचा मामला असा की बारावीत, सीईटीत घसरलात की घसरलात. अशा पोराच्या हातात एक कॅन येतो. तो फवारतो, ओघळ येतो. दुसऱ्या दिवशी तो ती अख्खी कातडी सोलून कचऱ्यात टाकतो आणि पुन्हा सुरुवात करतो. खालची टाकी जशीच्या तशी. ही सवलत साधी नाही. पक्का रंग शिकायचा तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये दोन वर्षं पॉलिश पेपर घासावा लागतो, आणि पहिली टाकी उस्तादाच्या शिव्या खाऊनच हातात येते.

सवलत आहे म्हणजे काम सोपं आहे, असं मात्र समजू नका. रील्समध्ये दाखवतात तसं काही नसतं. तीस सेकंदांत काळी गाडी निळी होते, कारण मधली दीड दिवसाची मेहनत कापलेली असते.

त्या दीड दिवसातला जास्त वेळ रंगवण्यात जातच नाही. धुण्यात जातो. साईड पॅनेल काढा, टाकी काढणं जमत नसेल तर राहू द्या, पण आजूबाजूचं सगळं झाका. चेनचं ग्रीस उडून पॅनेलच्या आतल्या कडेला बसलेलं असतं, ते दिसत नाही आणि नेमकं तिथेच रंग धरत नाही. सर्व्हिसिंगवाल्याने दर वेळी मारलेलं पॉलिश हा तर मोठा शत्रू. त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं सोडतो. शाम्पूने धुवायचं, वाळवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

रंगाऱ्यांच्या मराठीत एका थराला ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. पहिला हात इतका विरळ मारायचा की खालचा रंग निम्म्याहून जास्त दिसत राहिला पाहिजे. इथेच नवशिक्याचा धीर सुटतो. त्याला पहिल्याच हातात सगळं झाकायचं असतं. कॅन वीतभर अंतरावर धरायचा, फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. असे पाच-सहा हात. कंजुषी करून तीनवर थांबलात तर त्या वेळी दिसायला ठीक दिसेल, पण सोलायची वेळ येईल तेव्हा उन्हाने सोललेल्या नाकाच्या कातडीसारखे तुकडे निघतील आणि तुम्ही नखं झिजवत बसाल. जाड कातडी एका ओढीत येते. अजून एक : चिकटपट्टी शेवटचा हात ओला असतानाच काढायची. वाळल्यावर काढली तर रबर पट्टीबरोबर उचललं जातं आणि कड फाटते.

ऋतूही बघावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हे काम काढू नये. हवेतली ओल रंगात शिरते आणि पृष्ठभाग पांढरट पडतो. एप्रिलच्या दुपारी विदर्भातही काढू नये. थेंब पोहोचायच्या आत वाळतो आणि टाकीला रवाळ खरखर येते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस चांगले, सकाळची दहिवर उडून गेल्यानंतरचे.

गेल्या डिसेंबरात गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला साईड पॅनेल टांगून मी तिसऱ्या हाताची वाट बघत होतो. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. थोडा वेळ बघत राहिले.

‘काय रे, विकायचीय का?’

‘नाही काका, चालवायचीय.’

‘मग?’

त्या ‘मग?’मध्ये सगळं आहे. काकांचा प्रश्न त्यांच्या अनुभवातून आलेला होता. आपल्याकडे घराला रंग निघतो तो लग्न ठरल्यावर नाहीतर घर विकायला काढल्यावर. वस्तू सजवायची ती दुसऱ्याला दाखवायला. स्वतःच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून मंगळवारी दुपारी कुणी साईड पॅनेल रंगवतो, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

गंमत म्हणजे हे आपल्या परंपरेतही बसत नाही, असं नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, त्यांना बेगड लावतात, अंगावर गेरूचे ठिपके काढतात, पाठीवर झूल घालतात. बैल विकायचा असतो म्हणून नाही. वर्षभर त्याच्याबरोबर राबलेलो असतो म्हणून. तो रंग पावसाने महिन्याभरात उतरतो, पुढच्या वर्षी वेगळा येतो. शिंगांचा ओरिजिनल रंग गेला म्हणून बाजारात भाव पडेल, असं म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारे आपण त्याच रांगेतले. मग हारापाशीच का थांबावं?

थांबतो, कारण हात घाण करण्याची लाज वाटते. इंजिनीअर झालास आणि गाडी रंगवत बसलास? हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे रंगाऱ्याच्या कामाबद्दल काय मत आहे हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात मेकॅनिकलची डिग्री घेऊन बाहेर पडलेली अशी मुलं आहेत ज्यांनी स्वतःच्या गाडीचा स्पार्क प्लग कधी काढलेला नाही. दुसरीकडे आयटीआयमध्ये ‘पेंटर जनरल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथे जाणाऱ्या मुलाची ओळख करून देताना घरचे आवाज खाली घेतात. आणि त्याच वेळी चेन्नईत रॉयल एनफिल्डच्या टाक्यांवर ब्रशने, नुसत्या हाताने मारलेल्या सोनेरी रेघांचं कौतुक आपण व्हिडिओत बघतो. हाताचं काम कंपनीने केलं की कला, शेजारच्या पोराने केलं की टाईमपास.

जातीचा वास या लाजेला आहेच. कुठलं काम कुणी करायचं आणि कुणी फक्त करून घ्यायचं, हे ठरवून ठेवलेल्या समाजात वीस वर्षांचा मुलगा दीड दिवस पॅनेल घासतो तेव्हा ती छोटी का होईना, पण चांगली गडबड आहे. एक दुपार काम केलेला माणूस पुढच्या वेळी गॅरेजमधल्या पेंटरशी पाचशे रुपयांवरून घासाघीस करत नाही. त्याला कळलेलं असतं की पाचशे कशाचे आहेत. घरच्या स्प्रेने त्या पेंटरच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही मला पटत नाही. चेप काढणं, लांबी भरणं, गंज खाल्लेली टाकी वाचवणं यातलं काहीच या कॅनने होत नाही. तिथे तोच लागतो.

शहरात तर जागाच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुवायला मनाई, दुरुस्तीला मनाई, अशा पाट्या सर्रास दिसतात. गाडी उभी करायला दोन-तीन लाख मोजायचे आणि तिथे तिला हात लावायचा नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण विरोधकांचा खरा वजनदार मुद्दा तोच आहे आणि रील्सवाले त्याबद्दल गप्प असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. आपण अजूनही ज्याला आरसी बुक म्हणतो त्या कार्डावर रंगाचा रकाना असतो. म्हणून काळ्या गाडीला पुन्हा काळा रंग देण्यात प्रश्न नाही. काळीची निळी करायची तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याची संमतीही घ्या, आणि विमा कंपनीला कळवा. ‘आमचा रंग सोलता येतो, त्यामुळे कायदा लागू नाही’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. नाक्यावरच्या हवालदाराला समोर निळी गाडी दिसते आणि कार्डावर काळी. खाली काय आहे हे तो सोलून बघणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मॅट फौजी हिरव्या रंगाचं ज्यांना वेड आहे त्यांच्यासाठी : केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण मंत्रालयाच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. तो सोलता येणारा असो वा नसो.

रंगाची नोंद असावी हे मला मान्य आहे. गाडी चोरीला गेली, कुणाला उडवून पळाली, तर साक्षीदाराला नंबर आठवत नाही, रंग आठवतो. माझं भांडण नोंदीशी नाहीच, ती करायच्या पद्धतीशी आहे. मोबाईल नंबर बदलला तर ऑनलाईन कळवता येतं. रंगाचंही तसंच का नसावं? चार बाजूंचे फोटो चढवा, शुल्क भरा, नोंद झाली. आज आरसीवर टाकी-पॅनेलच्या रंगाचं कंपनीने ठेवलेलं भलंमोठं विलायती नाव असतं, ज्यावरून गाडी काळी आहे की करडी हेही समजत नाही. त्याने कुठला चोर सापडणार? नियम पाळणं दमवणारं केलं की लोक नियम मोडतात, आणि मग हवालदाराला दोनशे रुपये मिळतात. या व्यवस्थेत फायदा कुणाचा आहे ते ज्याचं त्याने ठरवावं. तोपर्यंत मी तरी विचारणाऱ्यांना सांगतो की सुरुवात रिमपासून करा, किंवा आरसीवर आहे त्याच रंगात मॅट करा. रिमचा रंग आरसीत लिहिलेला नसतो, आणि हात बसायला रिमसारखी शाळा नाही.

जाणकार मंडळींच्या तक्रारी राहिल्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. हा रंग पेट्रोलला टिकत नाही. पंपावर नळी बाहेर काढताना दोन थेंब पडतातच, आणि जिथे पडतात तिथे रबर मऊ होऊन सुरकुततं. म्हणून टाकीच्या तोंडाभोवतालचा भाग मोकळा सोडावा आणि पेट्रोल भरताना फडकं धरावं. सायलेन्सर, इंजिनाच्या पट्ट्या, ब्रेकची डिस्क इथे तो मारायचाच नाही. फॅक्टरीतला रंग प्रायमर, रंग, क्लिअर कोट असा थरावर थर देऊन भट्टीत भाजलेला असतो. त्याच्याशी याची तुलना करणं म्हणजे रेनकोटची घराच्या छपराशी तुलना करणं. दोन-तीन वर्षांत उन्हाने हा रंग थकतो. पण दोन-तीन वर्षांत माणूसही तोच रंग बघून थकतो.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाचीच बाजू घेत नाही, स्प्रेवाल्यांची तर अजिबात नाही. ‘घरच्या घरी’ या शब्दाचा अर्थ बंद खोलीत असा होत नाही. या कॅनमधली सॉल्व्हंटं डोकं धरतात, फुप्फुसाला त्रास देतात, आणि आतला वायू पेट घेतो. मोरीत गॅस गीझर चालू आहे, देवघरात समई तेवते आहे आणि बाल्कनीत पोरगं फवारतंय, हे चित्र मला भीतीदायक वाटतं. कोविडच्या काळातला कापडी मास्क वाफ अडवत नाही. कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तो कॅनबरोबरच विकत घ्या. लहान मूल घरात असेल तर गच्ची गाठा, वाऱ्याकडे पाठ करा. घरी पक्का रंग मारायचा हट्ट तर धरूच नका. हार्डनर घालून मारतात त्या रंगात आयसोसायनेट असतं, आणि ते गॅरेजवाल्यानेही चांगल्या मास्कशिवाय हुंगायला नको, जे तो रोज हुंगतो. सोललेलं रबर शेकोटीत टाकू नका. त्याचा कचरा होतो, तो कचराच आहे, आणि दर सहा महिन्यांनी रंग बदलणाऱ्याने तेवढा विचार करावा.

जुनी कातडी वाळून चिवट झाली आणि सुटेनाशी झाली, तर खरवडत बसू नका. तिच्यावरच त्याच जातीच्या स्प्रेचे दोन-तीन जाड हात मारा, दिवसभर वाळू द्या. नवी कातडी जुनीला धरून घेऊन येते. आणि काम संपल्यावर कॅन उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबा, म्हणजे नोझल तुंबत नाही. अर्धा कॅन उरतोच. मागचं मडगार्ड राहिलेलं असतं.